'आल्मिरांते बारोझो' (१८९६): ब्राझीलसाठी बांधलेल्या चार क्रूझर, हाती पडली एकच

दर्याकाठ

एल्स्विक क्रूझर (इंग्लंडातल्या आर्मस्ट्राँग कंपनीच्या एल्स्विक कारखान्यातल्या वेगवान युद्धनौका) म्हटलं की चर्चा जपान आणि चिलीच्या जहाजांवर येऊन थांबते. ब्राझीलचं जहाज एका ओळीत उरकलं जातं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी पार्श्वभूमी. ६ सप्टेंबर १८९३ ला रिओ बंदरात ब्राझीलच्या आरमाराने अॅडमिरल कुस्तोजिओ दे मेलो यांच्या पुढाकाराखाली राष्ट्राध्यक्ष फ्लोरियानो पेशोतो यांच्याविरुद्ध बंड केलं. बरीचशी लढाऊ जहाजं बंडखोरांकडे गेली, तेव्हा सरकारने न्यूयॉर्कहून मिळेल ते विकत घेऊन कामचलाऊ ताफा उभा केला. १८९४ मध्ये बंड मोडलं, पण तोवर आरमाराची पार वाताहत झाली होती. नंतरच्या खरेदीत फ्रान्समधून किनारासंरक्षक 'देओदोरो' आणि तिची बहीण, जर्मनीतून टॉर्पेडो-नौका, आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कंपनीकडून या क्रूझर आल्या.

'बारोझो'चं जलावतरण २५ ऑगस्ट १८९६ ला झालं आणि १८९७ मध्ये ती ताब्यात आली. आराखडा फिलिप वॉट्स यांचा. पुढे 'ड्रेडनॉट' या युद्धनौकेच्या वेळी ब्रिटिश नौदलाचे मुख्य आरेखक होते तेच हे. या वर्गाची ढोबळ मापं: लांबी ३५४ फूट ५ इंच (१०८ मीटर), रुंदी ४३ फूट ९ इंच (१३.३ मीटर), विस्थापन सुमारे ३,७७० टन, इंजिनं ७,५०० अश्वशक्तीची, दोन पंखे, वेग २० नॉट (ताशी २० सागरी मैल). तोफा: ६ इंची सहा, ४.७ इंची चार, शिवाय छोट्या तोफा आणि तीन टॉर्पेडो नळ्या. कवचाचा पट्टा नाही. पाण्याच्या पातळीजवळ कासवाच्या पाठीसारखा वाकलेला पोलादी डेक, मधे सव्वा इंच आणि उतारावर ३ इंच. त्याच्या खाली इंजिन, बॉयलर आणि दारूगोळा, तर वर दोन्ही बाजूंना कोळशाची कोठारं. कोळसा हाही कवचाचाच भाग धरलेला असे.

चार बहिणींचं पुढे काय झालं ते असं. पहिली बांधणी चालू असतानाच चिलीने घेतली, ती 'मिनिस्त्रो सेंतेनो'. दुसरी 'बारोझो', ती ब्राझीलला पोचली. तिसरी 'आमाझोनास' आणि चौथी 'आल्मिरांते आब्रेउ' १६ मार्च १८९८ ला अमेरिकेने विकत घेतल्या. त्यांची नावं 'न्यू ऑर्लिन्स' आणि 'ऑल्बनी' झाली.

नावांबद्दल थोडं. अॅडमिरल बारोझो हे ११ जून १८६५ च्या रियाशुएलोच्या लढाईतले विजयी सेनानी. ती लढाई पाराना नदीत पॅराग्वेविरुद्ध झाली आणि त्यांचं निशाण ज्या चाकांच्या फ्रिगेटवर होतं तिचं नाव 'आमाझोनास'. याच फ्रिगेटने धडका मारून पॅराग्वेची जहाजं निकामी केली होती. म्हणजे सेनापती आणि त्याचं जहाज अशी जोडी बांधायला घेतली होती, त्यातलं जहाज विकावं लागलं.

या वर्गाबद्दल सगळ्यात कमी लिहिलेली गोष्ट म्हणजे पाण्याखालचं लाकूड आणि तांबं. त्यावर कोणी सविस्तर लिहिणार का?

---

सहा_इंची

छान सुरुवात. तोफांची मांडणी सांगतो, कारण नुसत्या आकड्यांवरून गैरसमज होतो. सहापैकी एक ६ इंची पुढे मध्यरेषेवर, एक मागे मध्यरेषेवर, उरलेल्या चार दोन्ही बाजूंना. ४.७ इंची चारही मधल्या भागात, बाजूला दोन-दोन. त्यामुळे एका बाजूला मारा करताना ६ इंची चार आणि ४.७ इंची दोन एवढ्याच कामी येतात. ६ इंची गोळा १०० पौंडांचा, ४.७ इंची ४५ पौंडांचा; एका फैरीचं वजन ४९० पौंड.

आकडा लहान वाटेल, पण या जलद माऱ्याच्या तोफा आहेत. गोळा वेगळा आणि पितळी काडतूस वेगळं, अशी दोन तुकड्यांत भरणी होते. आधी ४५ किलोचा गोळा उचलून नळीत सरकवायचा आणि दट्ट्याने असा बसवायचा की त्याचा तांब्याचा कडा खाचांत रुतेल. हे नीट झालं नाही तर नळी वर उचलल्यावर गोळा मागे सरकतो. मग पितळी काडतूस, मग पाव वळणात बंद होणारा स्क्रू. बार उडाला की पितळ फुगून भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही, म्हणून वेगळं सील लागत नाही आणि स्क्रू हलका ठेवता येतो. कसलेले गोलंदाज असतील तर मिनिटाला पाच-सहा बार.

घोळ होतो तो काडतुसात. पितळाला साधा पोचा आला तरी ते अर्ध्यात अडकतं. हाताळणी आणि साठवण बेफिकीर असलेल्या आरमारात ही तक्रार कायमची. दुसरं म्हणजे बार उडाला नाही तर स्क्रू लगेच उघडायचा नाही. कॉर्डाइट (ब्रिटिशांची जवळजवळ बिनधुराची दारू) कधी कधी रेंगाळून पेटतं, आणि अशा वेळी स्क्रू उघडा असेल तर मागे उभ्या माणसांचं काही खरं नाही.

नळी ५० कॅलिबर, म्हणजे ६ इंच गुणिले ५० = ३०० इंच, ७.६२ मीटर. १८९६ ला ही लांबी पुढारलेली होती.

---

गोदीकाका

दर्याकाठ, लाकडाबद्दल विचारलंत म्हणून.

पोलादी तळ गरम समुद्रात उभा राहिला की शेवाळ, बार्नॅकल, कालवं चिकटायला लागतात. घर्षण वाढतं, वेग पडतो, कोळसा जास्त जळतो. उपाय दोन: वरचेवर सुक्या गोदीत घेऊन खरवडणं, किंवा तळाला तांबं. ब्राझीलचा किनारा अफाट, पाणी उबदार आणि मोठं जहाज घेणाऱ्या गोद्या मोजक्या. रिओत इल्या दास कोब्रास बेटावर खडकात कोरलेली गोदी १८६१ पासून होती, पण साऱ्या ताफ्याला ती कुठे पुरणार? म्हणून तांबं.

पण तांबं थेट पोलादावर ठोकता येत नाही. खाऱ्या पाण्यात दोन्ही एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि पोलाद खाल्लं जातं. आता गंमत बघा. उलट बाजूनेही नुकसान होतं. तांबं जंतूंना दूर ठेवतं ते पाण्यात हळूहळू विरघळतं म्हणून. पोलादाशी जोडलं गेलं की पोलाद झिजतं, तांबं सुरक्षित राहतं, म्हणजेच विरघळायचं थांबतं आणि त्यावरही शेवाळ धरतं. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ च्या सुमारास लाकडी जहाजांच्या तांब्यावर जस्त आणि लोखंडाचे तुकडे लावले, तेव्हा नेमकं हेच झालं. तांबं वाचलं, तळ घाण झाला. तेव्हा दोघांमध्ये विजेचा संबंध अजिबात नको. त्यासाठी मधे लाकडाचा थर.

कामाचा क्रम साधारण असा. पोलादी पत्र्यावर शेंदूर-तेलाचा रंग. मग तीन ते चार इंच जाडीच्या सागाच्या फळ्या जहाजाच्या लांबीत लावायच्या. एक थर असेल तर बोल्ट पितळेचे, पत्र्यातून आरपार, आतून नट. वॉशरखाली शेंदरात भिजवलेला ताग. दोन थर असतील तर आतला थर लोखंडी बोल्टने पत्र्याला आणि बाहेरचा थर पितळी स्क्रूने फक्त आतल्या लाकडाला. दुसरी पद्धत महाग आणि जड, पण पितळ पोलादाला कुठेच शिवत नाही. नंतर फटींत काथ्या ठासून डांबर, आणि त्यावर तांब्याचे पत्रे. जुन्या पद्धतीत पत्रा सुमारे चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद. पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढवायची, म्हणजे पाणी कडेखाली शिरत नाही. खिळे तांब्याच्या मिश्रधातूचेच.

एवढ्यावर भागत नाही. पुढचा दांडा, मागचा दांडा, सुकाणूची चौकट, पंख्यांचे आधार, जे जे तांब्याला लागून येतं ते कांस्यात ओतावं लागतं. एवढी मोठी ओतकामं करणारे कारखाने थोडे, आणि खर्च बघून गिऱ्हाईक दचकतं.

बिघाड कुठे होतो? जहाज खडकाला घासलं, पत्रा फाटला, पाणी लाकडात मुरलं आणि बोल्टच्या भोकापाशी पोचलं की तिथे पोलाद सडू लागतं. वर लाकूड, त्यावर तांबं, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. आतून नटाभोवती गंजाची ओल दिसली तरच कळतं. म्हणून असं जहाज गोदीत घेतल्यावर तांब्याच्या चकाकीवर न जाता आतले नट तपासायचे. वजनही वाढतं, आणि त्यामुळे त्याच इंजिनावर नव्याकोऱ्या रंगवलेल्या जहाजापेक्षा थोडा वेग कमी. पण सहा महिने गोदी न पाहिलेल्या दोन जहाजांची शर्यत लावलीत तर तांबंवालं पुढे.

---

दर्याकाठ

काका, __/\__. एक शंका. साग का? ओक का नाही? इंग्लंडात ओक घरचा.

---

गोदीकाका

ओकमध्ये टॅनिक आम्ल. लोखंडाला लागून ठेवला की लोखंड काळं पडून झिजतं, आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही कुजतं. साग तेलकट, लोखंडाला त्रास देत नाही, ओल्या-सुक्यात फारसा आकसत-फुगत नाही. मुंबई गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं इतकी टिकली त्यामागे हेच कारण. पुरावा बघायचा असेल तर न्यूकॅसलपासून फार दूर नसलेल्या हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' उभी आहे. १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलेली फ्रिगेट, अजून तरंगते. पोलादी जहाजांच्या काळातही कवचामागचा थर आणि तळाचं आवरण यासाठी ब्रिटिश गोद्यांत सागच मागत.

---

बाष्पयंत्र

वेगाच्या २० नॉटबद्दल एक सावधगिरी. चाचणीत ताजा तळ, निवडक कोळसा आणि कंपनीचे स्वतःचे भट्टीवाले. रोजच्या नोकरीत तो वेग विसरा.

कोळशाचा हिशोब करून बघा. त्या काळच्या तिहेरी प्रसरणाच्या इंजिनाला अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २ पौंड कोळसा धरतात. ७,५०० गुणिले २ = १५,००० पौंड, म्हणजे ताशी ६.७ टन. २४ तासांत १६० टन. भट्टीवाल्यांनी फावड्याने इतका कोळसा टाकायचा, शिवाय तितक्या प्रमाणात राख उपसायची, कोठारांतून कोळसा पुढे ओढायचा. कोठारं रिकामी होत जातात तसं ओढायचं अंतर वाढतं, आणि पूर्ण वेग टिकत नाही तो बहुधा इथेच.

आता १० नॉट. शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते, म्हणजे आठवा हिस्सा, ९४० अश्वशक्तीच्या आसपास. कागदावर ताशी ०.८४ टन. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण मोठं इंजिन इतक्या कमी भारावर चालवलं की पौंडामागे कमी काम देतं, आणि पंप, दिवे, सुकाणूचं यंत्र यांची वाफ वेग कमी झाला म्हणून कमी होत नाही. तरी मैलामागचा खर्च २० नॉटला ०.३३ टन आणि १० नॉटला फार तर ०.१२-०.१३ टन. ही जहाजं आयुष्यभर १० नॉटच्या आसपास का फिरली ते यावरून कळेल.

आणखी एक मुद्दा. कोळसा जर कवचाचा भाग असेल, तर लांबच्या सफरीच्या शेवटी, म्हणजे नेमकं शत्रूच्या किनाऱ्याजवळ पोचल्यावर, कवचाचा तो भाग जळून गेलेला असतो. एल्स्विकच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नसे.

---

कोकणकडा८८

या सगळ्या एल्स्विक क्रूझर म्हणजे तोफा दाखवून गिऱ्हाईक गटवायचा धंदा होता असं माझं मत. लहान सांगाड्यावर भरमसाट तोफा, वर बोजा, खवळलेल्या समुद्रात बाजूच्या तोफा पाण्यात. ब्रिटिश नौदलाने स्वतःसाठी त्याच काळात जास्त मोठी जहाजं कमी तोफांनी बांधली, ती उगाच नाही.

---

सहा_इंची

अर्धं खरं. ब्रिटिशांना जगभर महिनोन्महिने फिरणारी जहाजं हवी होती. जास्त कोळसा, जास्त सामान, जास्त सुटे भाग. ब्राझील किंवा चिलीला घरच्या किनाऱ्याजवळ शेजाऱ्याला भारी पडणारं जहाज हवं होतं. मागणी वेगळी, माल वेगळा.

कसोटीचं उदाहरण याच वर्गात आहे. अमेरिका-स्पेन युद्धात 'न्यू ऑर्लिन्स' ३० मेच्या सुमारास क्युबातल्या सांतियागोपुढे पोचली आणि ३१ मे १८९८ ला 'मॅसॅच्युसेट्स' व 'आयोवा' यांच्यासोबत किल्ल्यांवर आणि बंदराच्या तोंडाशी उभ्या स्पॅनिश 'क्रिस्तोबाल कोलोन'वर मारा केला. बाकीच्या अमेरिकन जहाजांची दारू जुन्या धाटणीची, धुराचे लोट सोडणारी. दोन-तीन फैऱ्यांत स्वतःच्याच धुरामुळे नेम दिसेनासा होई. 'न्यू ऑर्लिन्स' कॉर्डाइटवर चालत होती. धूर जवळजवळ नाही, गोळ्याचा वेग जास्त. ब्राझीलसाठी बांधलेलं जहाज त्या दिवशी अमेरिकन ताफ्यातलं सगळ्यात आधुनिक तोफखान्याचं होतं असं म्हणायला हरकत नाही. कोकणकडा, एवढं तरी मान्य करा :)

---

वाचनमात्र

एक प्रश्न. ब्राझीलने विकली का? आणि 'ऑल्बनी' युद्धात का दिसत नाही?

---

दर्याकाठ

विकली पैशासाठी. बंडाचा खर्च, कानुदोसच्या उठावाविरुद्धची मोहीम, त्यात कॉफीचे भाव कोसळलेले. १८९८ च्या जूनमध्ये रॉथचाइल्डांकडून जुनी कर्जं पुढे ढकलणारं नवं कर्ज घ्यावं लागलं आणि रिओच्या जकातीचं उत्पन्न तारण द्यावं लागलं. अशा वेळी अर्धवट जहाजांना रोख गिऱ्हाईक मिळालं तर कोण नाही म्हणेल? शिवाय १८९३ च्या बंडात घेतलेलं 'निक्तेरॉय', मूळचं व्यापारी 'एल सिद', तेही १८९८ मध्ये अमेरिकेलाच विकलं. ते 'बफेलो' झालं.

अमेरिकेची घाई वेगळी. १५ फेब्रुवारीला हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका उडाली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काँग्रेसने संरक्षणासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले आणि युरोपात जहाजं शोधायला माणसं सुटली. जहाज आपल्याला मिळावं आणि स्पेनला मिळू नये, दोन्ही हेतू. १६ मार्चला व्यवहार, १८ मार्चला इंग्लंडातच ग्रेव्हसेंडला अमेरिकन निशाण. युद्ध एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जाहीर झालं, तोवर 'न्यू ऑर्लिन्स' अटलांटिक पार करून गेली होती.

'ऑल्बनी' अजून गोदीच्या उतारावर होती. युद्ध सुरू झालं, ब्रिटनने तटस्थता जाहीर केली, आणि १८७० च्या कायद्याप्रमाणे लढणाऱ्या देशासाठी ब्रिटिश गोदीतून लढाऊ जहाज बाहेर सोडता येईना. पैसे दिलेले, जहाज अडकलेलं. तिचं जलावतरण जानेवारी १८९९ मध्ये, युद्ध आटोपल्यावर. २९ मे १९०० ला टाइन नदीतच ती सेवेत दाखल झाली.

नदीवरून आठवलं. एल्स्विकचा कारखाना न्यूकॅसलच्या पुलांच्या वरच्या अंगाला. जुना दगडी पूल पाडून तिथे १८७६ मध्ये फिरता पूल झाला नसता तर ही जहाजं समुद्रापर्यंत जाऊच शकली नसती. २८१ फूट लांबीचा तो भाग पाण्याच्या दाबावर आडवा फिरतो, यंत्रणा आर्मस्ट्राँगांचीच. त्याच्या शेजारचा हाय लेव्हल पूल मात्र हलत नाही, त्यामुळे डोलकाठ्यांची उंची त्याच्या हिशोबाने सांभाळावी लागे.

---

वाचनमात्र

धन्यवाद, सविस्तर. खूण साठवून ठेवली.

---

कोकणकडा८८

धुराचा मुद्दा मान्य. पण मग अमेरिकनांनी त्याच तोफा काढून का टाकल्या?

---

सहा_इंची

तोफा वाईट होत्या म्हणून नव्हे, दारूगोळ्यासाठी. ब्रिटिश ६ इंची आणि अमेरिकन ६ इंची यांचा व्यास एक असला तरी काडतूस, कोठीचा आकार, दारूचं मोजमाप, नेमाचे तक्ते सगळं वेगळं. ४.७ इंची तर अमेरिकन नौदलाचं मापच नव्हतं. मॅनिलाला उभ्या दोन जहाजांसाठी निराळा साठा, निराळे सुटे भाग, निराळं प्रशिक्षण कोण सांभाळणार? १९०० नंतरच्या पहिल्या दशकात दोन्हींवरच्या सगळ्या मोठ्या तोफा उतरवून ५ इंची ५० कॅलिबरच्या दहा बसवल्या. त्याच वेळी बांधलेल्या अमेरिकन 'डेन्व्हर' वर्गावरही याच दहा. टॉर्पेडो नळ्याही गेल्या.

---

गोदीकाका

'डेन्व्हर' वर्गाच्या तळालाही लाकूड आणि तांबं होतं हे जाता जाता सांगतो. गरम पाण्यात दीर्घकाळ ठेवायची जहाजं म्हटल्यावर अमेरिकनांनी तोच मार्ग धरला.

---

बाष्पयंत्र

सहा_इंची, कॉर्डाइटचं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही येऊ द्या. पहिल्या प्रकारच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन, ३७ टक्के गनकॉटन, ५ टक्के व्हॅसलीन. ज्वाला इतकी तापट की नळीच्या खाचा लवकर झिजतात. आणि उष्णतेत साठवलं की हळूहळू विघटन सुरू होतं, त्यातून निघणारे आम्लवायू विघटन आणखी वाढवतात. दारूकोठार बॉयलरच्या भिंतीला लागून, वर उन्हात तापलेला डेक आणि वायुवीजन नाममात्र, अशा जहाजात दारू जुनी झाली की धोका. काळजी घ्यायची म्हणजे कोठाराचं तापमान रोज नोंदवायचं, जुनी खेप आधी वापरायची, आणि ठराविक काळाने नमुना तापवून तो किती वेळात आम्लवायू सोडतो ते चाचणीच्या कागदावर पाहायचं. कागद लवकर रंग बदलला तर ती सगळी खेप समुद्रात.

'बारोझो' याच विषयातल्या एका भीषण घटनेची साक्षीदार आहे. २१ जानेवारी १९०६, आंग्रा दोस रेइसजवळचा जाकुआकांगा उपसागर. नव्या नौदल गोदीसाठी जागा पाहायला नौदलमंत्री झुलिओ दे नोरोन्या आले होते, 'बारोझो' आणि जुनं युद्धनौका 'आकिदाबान' दोन्ही तिथे नांगरलेली. रात्री 'आकिदाबान'चं दारूकोठार उडालं आणि जहाज काही मिनिटांत बुडालं. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यात तीन अॅडमिरल. मंत्री 'बारोझो'वर होते म्हणून वाचले. वाचलेल्यांना उचलायला होड्या तिथूनच सुटल्या. खराब झालेल्या कॉर्डाइटवरच संशय घेतला जातो.

---

दर्याकाठ

ही माहिती धाग्यात हवीच होती. 'आकिदाबान' १८९३ च्या बंडात बंडखोरांचं मुख्य जहाज होतं, १८९४ मध्ये सरकारी टॉर्पेडोने तळाला बसवलं, वर काढून दुरुस्त केलं, आणि शेवट असा झाला.

'बारोझो'चं बाकीचं आयुष्य तसं शांत. १९०७ मध्ये अमेरिकेत हॅम्प्टन रोड्सच्या नौदल संचलनाला 'रियाशुएलो' या युद्धनौकेबरोबर गेली. १९१० ला 'मिनास जेराइस' ही मोठी युद्धनौका आणि दोन नव्या स्काउट (टेहळणीच्या) क्रूझर आल्यावर ती मागच्या रांगेत गेली. टर्बाइनवर २७ नॉट पळणाऱ्या स्काउटपुढे २० नॉटची क्रूझर काय करणार.

---

तळटीप

वकिली पेशातल्यांसाठी भर घालतो. 'न्यू ऑर्लिन्स'चं नाव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत आहे, तोफांमुळे नव्हे. १७ जुलै १८९८ ला तिने पोर्तो रिकोत सान हुआनपुढे 'ओलिंद रोद्रिग्ज' हे फ्रेंच टपाल जहाज पकडलं. त्या जहाजाला आधी ५ जुलैला 'योसेमिटी' या अमेरिकन जहाजाने नाकेबंदीची ताकीद देऊन तशी नोंद त्याच्या लॉगबुकात केली होती. खालच्या न्यायालयाने म्हटलं, बंदरापुढे एकच जहाज, ही कसली परिणामकारक नाकेबंदी? १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. जहाजांची संख्या महत्त्वाची नाही. एकच आधुनिक क्रूझर जर आत जाणं खरोखर धोक्याचं करत असेल तर नाकेबंदी वैध. म्हणजे २० नॉटचा वेग आणि लांब पल्ल्याच्या तोफा हेच कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले.

तरी जहाज मालकांना परत मिळालं, कारण नाकेबंदी मोडायचा इरादा पुरेसा सिद्ध झाला नाही. नुकसानभरपाई मात्र नाही, आणि खटल्याचा व जहाज सांभाळल्याचा खर्च जहाजावरच, कारण संशयाला जागा होती.

---

कोकणकडा८८

हे माहीत नव्हतं. भारी.

---

स्केल३५०

मॉडेलवाल्यांचा प्रश्न. १:३५० ला 'बारोझो' करायला घेणाऱ्यांसाठी पाण्याखालचा भाग कसा दाखवावा? आणि फोटोवरून बहिणी ओळखायच्या कशा?

---

गोदीकाका

मापं आधी: लांबी ३०९ मिमी, रुंदी ३८ मिमी, पाण्याखालची खोली (१८ फूट धरून) पावणेसोळा मिमी.

लाकडी आवरण पाण्याच्या रेषेच्या थोडं वर येऊन संपतं, आणि तिथे बाजूला एक पायरी दिसते. चार इंच धरले तर १:३५० ला ०.२९ मिमी. जाड स्टायरीन (मॉडेलचं प्लास्टिक) लावू नका, ०.२५ चा पत्रा पुरे. पायरीची वरची कड जरा तिरपी घासा, कारण प्रत्यक्षातही ती उतरती करत, नाहीतर पाणी साचतं. पत्र्यांचे सांधे कोरायचेच असतील तर चार फूट म्हणजे साडेतीन मिमी आणि चौदा इंच म्हणजे एक मिमी. खिळे दाखवायच्या भानगडीत पडू नका.

रंगात सगळे चुकतात. नवं तांबं आठवडाभरही लालसर चकाकत नाही. आधी मातकट तपकिरी, पाण्याच्या रेषेजवळ हिरवट पट्टा, आणि पंख्यांच्या आसपास घासून थोडा उजळ. पुढचा दांडा, सुकाणूची चौकट आणि पंख्यांचे आधार कांस्याचे, म्हणून तांब्यापेक्षा पिवळसर. लाल तळरंग या जहाजाला नको.

---

सहा_इंची

ओळखायचं तर आधी तोफा मोजा. बाजूला मधल्या भागात दोन आखूड नळ्या (४.७ इंची) आणि त्यांच्या पुढे-मागे लांब नळ्या दिसल्या तर मूळ तोफखाना: 'बारोझो' किंवा फेरबदलाआधीची अमेरिकन जोडी. सगळ्या नळ्या सारख्या दिसल्या आणि जहाज अमेरिकन असेल तर ५ इंची दहा, म्हणजे 'न्यू ऑर्लिन्स' किंवा 'ऑल्बनी', नंतरचा काळ. पांढरा रंग असेल तर ढोबळपणे १९०९ च्या आधीचं, करडा असेल तर एकतर १८९८ चं युद्ध किंवा १९०९ नंतरचं. बर्फात उभं असलेलं करडं जहाज दिसलं तर रशियातलं व्लादिव्होस्तोक. रशियन यादवी युद्धाच्या काळात दोघीही तिथे होत्या, 'न्यू ऑर्लिन्स' तर १९२२ पर्यंत. १९३० मध्ये दोन्ही मोडीत विकल्या, त्यामुळे त्यानंतरची तारीख टाकलेला फोटो कुणी दाखवला तर तारीख चुकीची समजा.

४.७ इंची नळी ५० कॅलिबरची धरा: १:३५० ला १७ मिमी. ६ इंची २२ मिमी. पितळी नळी लेथवर काढणार असाल तर तोंडाशी फुगवटा देऊ नका, या तोफांना तो नाही.